निळ्या खडूचा तुकडा

धर्मग्रामात काम करणाऱ्या धर्मगुरूपुढे कोणकोणते प्रश्न येतील, याची यादी कोणत्याही सेमिनरीत शिकवली जात नाही. सोयरिकीतले रुसवे, बांधावरची भांडणे, सणाच्या जमाखर्चावरून होणारे वाद यांची आम्हांला सवय झाली होती. परंतु पूल खेळण्याच्या काठीला कोणता खडू लावावा, या विषयावर युवक संघाची बैठक दोन तास चालेल आणि अखेरीस निवाड्यासाठी ती आमच्या दारी येईल, असे आम्हांला स्वप्नातही वाटले नव्हते.

त्याचे असे झाले. मुंबईतील एक क्लब आपले जुने पूल टेबल काढून टाकत होता. एका हितचिंतकाने ते आमच्या युवक केंद्राला मिळवून दिले. संध्याकाळी नाक्यावर रेंगाळणारी मुले केंद्रात येऊ लागली. खरे सांगायचे तर आमचेही हात शिवशिवले. १९९०च्या सुमारास आम्ही सेमिनरीत असताना तेथे बिलियर्ड्सचे एक जुनाट टेबल होते. मुंबईकर मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ साली जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकले होते आणि ते नाव आम्हा विद्यार्थ्यांच्या तोंडी असे. त्या टेबलाच्या पायाला सुतळीने खडूचा एकच तुकडा बांधलेला असे. तो झिजून वाटीसारखा खोल झाला तरी नवा मिळत नसे, आणि तो चांगला की वाईट, असा विचारही कोणाच्या मनात येत नसे.

आमच्या केंद्रात मात्र तो विचार शिरला. एका मुलाच्या आखातातील भावाने त्याला 'कामुई' नावाचा जपानी खडू पाठवला होता. त्या एका तुकड्याच्या किमतीत डझनाचे दोन-तीन खोके सहज आले असते. तो मुलगा तुकडा खिशात ठेवी, आपला फटका मारण्यापूर्वी काढी आणि पुन्हा खिशात टाकी. पाहता पाहता केंद्रात दोन पक्ष पडले. ज्याचा नेम चुके तो साध्या निळ्या खडूला दोष देई. केंद्राच्या खर्चाने सर्वांसाठी उंची खडू आणावा, असे एका पक्षाचे म्हणणे; तर दुसरा पक्ष म्हणे, आपल्या वडिलांना जो खडू पुरला तो आपल्यालाही पुरेल.

निवाडा करायचा तर वस्तू समजून घेतली पाहिजे, म्हणून आम्ही थोडे वाचन केले. याला खडू म्हणत असले तरी आज फळ्यावरच्या खडूशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. पूर्वी खराखुरा खडूच वापरीत. अमेरिकेतील बिलियर्ड्सपटू विल्यम स्पिंक्स आणि रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांना ९ मार्च १८९७ रोजी एका नव्या मिश्रणाचे पेटंट मिळाले. त्यात सिलिका आणि कुरुंदासारखा खरखरीत पदार्थ होता. तेव्हापासून हाच 'खडू' रूढ झाला.

त्याचे काम एवढेच. काठीच्या टोकाला चामड्याची टिकली असते. चामडे गुळगुळीत आणि चेंडूही गुळगुळीत. चेंडूच्या मध्यावर मारले तर बिघडत नाही. परंतु फिरकी देण्यासाठी मध्यापासून बाजूला मारावे लागते आणि तेथे टोक निसटते. खेळाडू याला मिसक्यू म्हणतात. खडूचे कण चामडे आणि चेंडू यांच्यात पकड निर्माण करतात. पूलचा चेंडू सुमारे ५७ मिलिमीटर व्यासाचा असतो. खडू नीट लावला असेल तर मध्यापासून साधारण १४ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत, टोक धरून राहते. त्यापलीकडे मारू पाहणाऱ्याला कितीही महागडा खडू तारू शकत नाही.

मग उंची खडूचा उपयोग काय? हे पाहण्यासाठी एका शनिवारी आम्ही सर्वांसमक्ष परीक्षा घेतली. फटके मारण्यासाठी दोन्ही पक्षांनी एकाच मुलाचे नाव सुचवले. तो केंद्र झाडूनपुसून ठेवी. त्याला वडील नव्हते आणि आई चार घरची धुणीभांडी करी. केंद्रात त्याच्यासारखा खेळणारा दुसरा नव्हता, आणि स्वतःची काठी नसलेलाही तोच.

प्रत्येक फटक्यापूर्वी खडू लावून त्याने दोन्ही खडूंनी वीस-वीस फटके मारले. काहीही फरक दिसला नाही. मग एकदाच खडू लावून मारत राहण्यास सांगितले. साध्या खडूने पाचव्या फटक्याला दगा दिला. जपानी खडू बराच वेळ टिकला. शिवाय साध्या खडूची निळी भुकटी पांढऱ्या चेंडूवर आणि टेबलावरच्या बनातीवर पडली होती, जपानी खडूची फार थोडी. ही भुकटी उपद्रवी असते. दोन चेंडू एकमेकांना भिडतात नेमक्या त्या ठिकाणी तिचा कण आला, तर चेंडू किंचित उसळतो आणि वाट चुकतो. स्नूकरचे अनेक व्यावसायिक खेळाडू गेल्या काही वर्षांत फिनलंडच्या 'ताओम' खडूकडे वळले, ते याच कारणाने. उंची खडू हा केवळ डामडौल नव्हे, हे आम्हांला मान्य करावे लागले. तो नेम सुधारत नाही. परंतु विसराळूपणाला सांभाळून घेतो आणि टेबल स्वच्छ ठेवतो.

निकाल रविवारी सांगायचा ठरला होता. त्याआधीच बातमी आली की जपानी तुकडा नाहीसा झाला. अखेरचा तो कोणाच्या हातात होता, हे सर्वांनी पाहिले होते.

वाचकहो, येथून पुढचे लिहिताना लेखणी अडखळते. आम्ही त्या मुलाला कचेरीत बोलावले. आवाज चढवला नाही, आरोपही केला नाही. 'चुकून तुझ्याकडे राहिला असेल तर आणून दे, बाळा,' एवढेच म्हणालो आणि त्यालाच दयाळूपणा समजलो. 'मी टेबलावर ठेवला, फादर,' एवढेच तो म्हणाला. त्यावर न थांबता आम्ही त्याच्या आईच्याही कानावर गोष्ट घातली. दुसऱ्या दिवशी केंद्राची किल्ली धाकट्या बहिणीच्या हाती परत आली. मुलगा पुन्हा फिरकला नाही.

सात आठवड्यांनी बनात बदलण्यासाठी कारागीर आला. त्याने टेबल उघडले. पॉकेटात पडलेले चेंडू आतल्या ज्या नळीतून एका टोकाला जमा होतात, त्या नळीच्या वळणावर तो तुकडा अडकून बसला होता. टेबलाच्या कडेवर ठेवलेला खडू कोणाच्या तरी कोपराने पॉकेटात गेला असावा. एवढेच घडले होते.

त्याच संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो. आईने खुर्ची पुसून दिली. आम्ही दोघांचीही क्षमा मागितली. मुलगा बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, 'मला विचारलंत त्याचं काही नाही, फादर. आईला सांगायला नको होतं.' आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर युवक संघासमोर आम्ही आधी आपली चूक सांगितली आणि मग खडूचा निकाल दिला. केंद्रासाठी साधा निळा खडू डझनाच्या खोक्याने आणावा. प्रत्येकाने प्रत्येक फटक्याआधी तो हलक्या हाताने टोकावर फिरवावा, घासून भोक पाडू नये, आणि निळी बाजू वर ठेवावी, म्हणजे टेबलाची कड डागाळणार नाही. ज्याला उंची खडू परवडतो त्याने तो खुशाल वापरावा. मात्र हरवला तर त्याचा शोध कोणाच्या खिशात घेतला जाणार नाही. टेबल जितके सर्वांचे तितकाच खडूही सर्वांचा असावा, आणि त्याला लागणारी थोडी अधिक काळजी आपण घ्यावी, असे आम्हांला वाटले.

तो मुलगा पावसाळा संपल्यावर आला. किल्ली त्याने घेतली नाही, आम्हीही पुढे केली नाही. काठी उचलून त्याने खोक्यातला एक तुकडा घेतला, टोकावर चार वेळा फिरवला, निळी बाजू वर करून कडेवर ठेवला, आणि कोपर लागू नये म्हणून पॉकेटापासून हातभर दूर सरकवला. ते पाहून आम्ही काही न बोलता दिवे लावण्याच्या निमित्ताने बाहेर गेलो.