दीड इंच

पाच बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं, असं मानणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी वाद घालत नाही. त्याला चहा पाजतो आणि ॲलॉयच्या दुकानाचा रस्ता दाखवतो. या वेळी तसं करता आलं नाही, कारण गाडी डॉज किंग्जवे होती, आणि किंग्जवे दुसऱ्याच्या हातात गेली की मला झोप लागत नाही.

गाडी मोहोळकडच्या एका बागायतदाराची. आजोबा गेले, नातू अमेरिकेत. तिथं राहून त्याच्या डोक्यात मसल कार शिरलेली. रात्री-अपरात्री फोटो यायचे: 1968 ची चार्जर, खाली क्रॅगरची क्रोमची चाकं, हिरवी मस्टँग, खाली टॉर्क थ्रस्ट. एकदा फोनच आला. ‘‘काका, मी चेक केलंय. चार्जरचा पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, आणि आपल्या किंग्जवेचा पीसीडी एकच आहे. पाच बोल्ट, साडेचार इंच. मग अडचण काय?’’

पोराचं खोटं नव्हतं. साडेचार इंच म्हणजे 114.3 मिलिमीटर, हाच आकडा इनोव्हाचा, क्रेटाचा. कागदावर अख्खा बाजार खुला. पण किंग्जवेच्या हबचं नाक जाड, इनोव्हाच्या रिमचं मधलं भोक 60 मिलिमीटरचं. चाक हबवर टेकतच नाही. लेथवर भोक मोठं करून घ्यावं, तर पुढचं दुखणं उभं राहतं. हल्लीची बहुतेक ॲलॉय पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांसाठी ओतलेली, ऑफसेट 40-45 मिलिमीटरच्या घरातला, म्हणजे हबवर टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून तेवढी बाहेर. सगळं पोट आत. मग मधे स्पेसर घाला, लांब बोल्ट शोधा. या गाडीला स्टड नसतात, बोल्ट थेट ड्रममध्ये जातात, आणि डाव्या बाजूच्या बोल्टांना उलटे आटे. हायवेवरच्या एका टायरवाल्याच्या पोरानं हवेच्या गननं डावीकडचे बोल्ट ‘सोडवायला’ घेतले आणि दोन मुंडकी तोडून हातात दिली. बोल्टाच्या डोक्यावर ‘लेफ्ट’चा एल कोरलेला असतो, पण गन धरणाऱ्याला वाचायला सवड कुठली!

तरी हे सगळं निस्तरता येतं. मला छळतो तो दीड इंच.

किंग्जवेची मूळ रिम साडेचार इंच रुंद. तिचा मूळ टायर 6.70-15, उंची 28 इंचांच्या आसपास. आज त्या उंचीचा, कुठंही मिळणारा टायर एकच, 215/75 आर 15, बोलेरोचा. तो टेंभुर्णीत मिळतो, नळदुर्गात मिळतो. पण या रेडियलला साडेचार इंचांची रिम चालत नाही. कमीत कमी साडेपाच, खरं तर सहा इंच हवी. बोलेरोची रिमच लावावी, तर तिचा पीसीडी साडेपाच इंचांचा. म्हणून मी बोलेरोच्या रिमचा सहा इंची पट्टा घेतो, किंग्जवेची मूळ डिस्क रिव्हेट काढून वेगळी करतो, लेथवर साफ करतो आणि पट्ट्यात बसवून वेल्ड करतो. रुंदी वाढली दीड इंच. आता हा दीड इंच आत घ्यायचा की बाहेर?

कारखान्यातून आलेल्या चाकाला हा प्रश्न नसतो, कुणीतरी टेबलावर बसून तो सोडवलेला असतो. इथं तो माझ्यावर येतो. आत घ्यावा, तर पूर्ण लॉकला टायर घासायला लागतो आणि चाक मडगार्डच्या सावलीत बुडतं. एवढी थोरली गाडी, खाली चाकंच नाहीत असं वाटतं. बाहेर घ्यावा, तर गाडी काय उभी राहते! रस्त्यापलीकडून बघावं.

आणि मी बघतोच. वेल्डिंगच्या आधी गाडी स्टँडवर घेतो, डिस्क ड्रमला आवळतो, पट्टा तिच्यावर नुसता सरकवतो आणि चार बाजूंनी लाकडी पाचरी ठोकतो. मडगार्डच्या ओठावरून ओळंबा सोडतो. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या पानटपरीपाशी उकिडवा बसतो. इकडून हात केला की हाताखालचं पोरगं पाचर सैल करून पट्टा पाव इंच बाहेर ओढतं. परत हात केला की आत ढकलतं. पाव इंचानं गाडीचा स्वभाव बदलतो, ही अतिशयोक्ती नाही. एका जागी ती सरकारी दिसते, पाव इंच पुढं ती कुणाच्या तरी मालकीची वाटते, आणखी पाव इंचानं वरातीत नाचणाऱ्या पाहुण्यासारखी. टपरीवाल्यालाही आता कळायला लागलंय. तो न विचारता म्हणतो, ‘‘अण्णा, थोडं आत.’’ त्याचं मी ऐकत नाही. तो बहुतेक बरोबर असतो.

आजवर मी जवळजवळ सगळा दीड इंच बाहेरच दिला. कारणं सांगायचो: ब्रेकला हवा लागते, आतला टाय रॉड मोकळा राहतो. मनात एकच, गाडी बघून माणसानं थबकावं आणि विचारावं, चाकं कुणी केली?

गेल्या पावसाळ्यात उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंत जाईना. त्यातच माझ्या हातची एक जुनी प्लिमथ कामाला आली आणि ती गल्लीतून मागं घ्यायची वेळ आली. ड्रायव्हर नव्हता, मीच बसलो. पॉवर स्टिअरिंग या गाड्यांना नाहीच. चाक जितकं बाहेर, तितका किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्या, रेषेपासून टायरचा मध्य लांब, आणि उभ्या गाडीत तेवढं स्टिअरिंग जड. प्रत्येक खड्डा हातात येतो. हे मी पोरांना तोंडपाठ शिकवतो. त्या दिवशी ते खांद्यातून शिकलो. अर्धी गल्ली मागं जाईपर्यंत घामानं बनियन भिजला. उतरलो, दार लावलं, आणि वळून पाहिलं तर गाडी अशी दिसत होती की मी दुखणं विसरलो. याला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही. हा नाद आहे, आणि त्याचं भाडं आजवर दुसऱ्यांचे खांदे भरत होते.

तुम्ही म्हणाल, मग हौस मागच्या चाकांवर भागवा, त्यांना कुठं स्टिअरिंग आहे! तिथंच तर मेख आहे. या गाड्यांचा मागचा मडगार्ड चाकावर खालपर्यंत उतरलेला. पट्टा बाहेर घेतला तर दिसणार कुणाला? उलट पंक्चर झालं की रुंद टायर त्या ओठाखालून निघत नाही, ॲक्सल लोंबकळेपर्यंत गाडी उचलावी लागते. म्हणजे मागचं चाक आत मागतं, पुढचं बाहेर. जिथं हौस फुकट आहे तिथं ती झाकलेली, जिथं दिसते तिथं महाग. पुढची-मागची वेगवेगळी केली तर स्टेपनी कुणाच्या मापाची करायची?

नातवाला मी क्रॅगर नको म्हटलं, त्यालाही कारण आहे. टॉर्क थ्रस्ट 1963 चं, क्रॅगरचं एसएस 1964 चं. बुटक्या, रुंद, व्ही-एट गाड्यांना ती चाकं शोभतात. टॉर्क थ्रस्ट तर आधी शर्यतीसाठीच, मॅग्नेशियममध्ये ओतलेलं. त्याच्या निमुळत्या आऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण किंग्जवे सहा सिलिंडरची, उंच कपाळाची गाडी. तिची रचना झाली तेव्हा क्रायस्लरचे प्रमुख के. टी. केलर होते, आणि माणसाला हॅट घालून गाडीत बसता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आमच्याकडं त्यात पटका बांधलेला पाहुणा आरामात बसतो. एवढ्या उंच अंगाला उंच टायरच हवा. 17 इंची रिमवर पापडाएवढा टायर चढवलेली एक प्लिमथ मी एका रॅलीत पाहिली. मालक फोटो काढून घेत होता, मी दुसरीकडं बघत होतो.

मुंबई-पुण्याच्या नव्या रिस्टोअररांबद्दल काय बोलावं! दिसेल त्याला क्रोम. ज्या गाडीला तारेची चाकं नव्हतीच, तिला तारेची चाकं. ओतीव नकलेवर जेडब्ल्यूएल या जपानी मानकाची खूण उठवलेली. पूर्वी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा चोरबाजारात दिवस घालवला की मूळ डिस्क सापडायची, गंजकी का होईना. आता विकणाऱ्यालाच ती कशाची हे ठाऊक नसतं. सरकारचं बरं: 2021 च्या नियमानं 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, अट चासी, बॉडी आणि इंजिन न बदलण्याची. चाकांचं नाव त्यात नाही. म्हणजे दीड इंच तिथूनही माझ्याच गळ्यात.

आणि या गाड्यांवरच्या हक्काचं म्हणाल, तर तो आमच्या सोलापूरचाच. वालचंद हिराचंद इथले, जन्म 1882 चा. त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला, आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गोचे ट्रक बाहेर पडू लागले. गावात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. तिथली पोरं माझ्याकडं येतात, व्हर्नियर लावून ऑफसेट काढतात, आणि मी टपरीपाशी बसून जे ठरवलं तेच उत्तर दहा मिनिटांत कागदावर देतात. मी ‘शाब्बास’ म्हणतो. उत्तर चुकावं, असं मात्र दरवेळी आतून वाटत असतं.

तर या किंग्जवेचं ठरलं असं. ॲलॉय नाही, पोलादी पट्टाच, आणि वर मूळ हबकॅप. मागं सगळा दीड इंच आत जातोय, स्प्रिंगपाशी जागा आहे. पुढं एक इंच आत, अर्धा बाहेर. लॉकला टायर घासत नाही, मोजून घेतलंय. स्टेपनी पुढच्या मापाची. खांदा जसा सांगत होता तसंच केलं. नातवाला फोनवर सगळं समजावलं, तो ‘‘तुम्ही म्हणाल तसं’’ म्हणाला.

वेल्डिंगचा टॅक मारायच्या आधी सवयीनं रस्ता ओलांडला. टपरीवाला म्हणाला, ‘‘झकास आहे अण्णा, हात लावू नका.’’ मी बराच वेळ बघत बसलो. ही गाडी चालवणारा ड्रायव्हर तिशीतला आहे, तालमीत जातो, खांदे भक्कम आहेत त्याचे. एवढा हिशेब झाल्यावर मी पोराला हात केला आणि पाव इंच आणखी बाहेर घ्यायला लावलं.