परवानगीची सही

निवृत्तीनंतर माणसास कांहींतरी वेड लागावें लागतें, नाहीं तर घरांतील मंडळींस त्याचें वेड लागण्याची पाळी येते. माझें वेड जुन्या मोटारशर्यतींचें. आठवड्यांतून एकदां बोईसरहून डहाणू लोकल पकडून मुंबई गांठावी, जुन्या मासिकांचे अंक चाळावे आणि या विषयावर जें सांपडेल तें टिपून घ्यावें, असा क्रम गेलीं तीन वर्षें चालूं आहे.

आपल्या देशांत या खेळाचा इतिहास फार विखुरलेला आहे. नारायण कार्तिकेयन २००५ सालीं फॉर्म्युला वनमध्यें उतरला, हें आमच्या नातवास पाठ आहे. परंतु ज्या जुहूच्या विमानतळावर १९३२ च्या ऑक्टोबरांत जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, त्याच विमानतळावर पुढें मोटारीही धांवल्या, हें त्याला सांगावें लागतें. अशाच एका जुहूच्या शर्यतीचें सुरेख वर्णन मला एका बंद पडलेल्या मासिकांत आढळलें. खालीं नांव नव्हतें. नुसतीं आद्याक्षरें आणि 'पालघर' एवढेंच.

तो लेख माझ्या पुस्तकांत संपूर्ण छापावा असें ठरलें. प्रकाशक म्हणाले, "अहो, इतका जुना लेख! कोण विचारतो?" पण कायदा विचारतो. अभ्यासासाठीं चार ओळी उद्धृत करण्यास आडकाठी नाहीं. संपूर्ण लेख छापणें निराळें. १९५७ च्या कायद्याप्रमाणें लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षें टिकतो. साने गुरुजी १९५० सालीं गेले, म्हणून त्यांचें लेखन २०११ च्या आरंभीं सर्वांचें झालें. मासिक बुडालें म्हणून हक्क बुडत नाहीं. आणि पगारी नोकर नसलेल्या लेखकाचा लेख, त्यानें हक्क लिहून दिला नसेल तर, त्याचाच राहतो.

बोईसरहून उमरोळी सोडलें कीं पालघर. तेथील वृद्ध मंडळींस विचारतां विचारतां त्या आद्याक्षरांचें घर सांपडलें. लेखक १९७९ सालीं वारले होते; अर्थात् २०३९ च्या अखेरपर्यंत हक्क वारसांचा. थोरल्या चिरंजीवांनीं, वय वर्षें ऐंशी, चहा देऊन तत्काळ सही केली. "आणखी कोणी भावंडें?" मीं विचारलें. त्यांचा चेहरा बदलला. "बहीण आहे डहाणूस. तिला विचारण्याचें कारण नाहीं. ती लग्न होऊन गेली. आमचें येणेंजाणेंही नाहीं."

खरें सांगतों, मला मोह झाला. पुस्तक छापखान्यांत जाण्याच्या बेतांत होतें. पण १९५६ च्या वारसा कायद्यानें मुलीचा वांटा मुलाइतकाच, आणि सामाईक हक्कांत एकाची सही सर्वांची होत नाहीं. शिवाय घरच्या भांडणांत आपल्या सोयीसाठीं एका बाजूस उभें राहावें, हें मनास पटेना. मी डहाणूस गेलों.

चिकूच्या वाडींतील ओटीवर बसून बाईंनीं लेखाची प्रत हळूहळू वाचली. एके ठिकाणीं बोट थांबलें. तेथें एक वाक्य होतें: आवाजानें घाबरून एका चिमुरडीनें कान घट्ट झांकले आणि तरीही डोळे मिटले नाहींत.

"ती मीच," त्या म्हणाल्या. "आप्पांच्या खांद्यावर होतें. त्यांनीं हें लिहून ठेवलें, हें मला ठाऊकच नव्हतें."

सही करून त्यांनीं दोन गोष्टी मागितल्या. आद्याक्षरांऐवजीं आप्पांचें पूर्ण नांव छापावें. आणि पुस्तकाची एक प्रत पालघरला द्यावी. "दादाला सांगा, मीं पाठविली म्हणून."

आपल्याकडे ऋषिऋण अध्ययनानें फिटतें असें म्हणतात. मला वाटतें, ज्याचें अध्ययन केलें त्याच्या दारीं एकदां जाऊन विचारणें हाही त्या फेडीचाच भाग असावा. न विचारतां लेख मिळाला असता. ती मुलगी मात्र मिळाली नसती.

पुस्तक छापून आलें. पालघरची प्रत मीं स्वतः नेऊन दिली आणि निरोपही सांगितला. दादांनीं उत्तर दिलें नाहीं. चष्मा पुसून तें पान मात्र त्यांनीं दोनदां वाचलें, आणि मी निघतांना डहाणूच्या घराचा पत्ता लिहून मागितला.