समुद्रावरची अडत

सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू होण्यापूर्वीचे, दिवाळीनंतरचे दिवस अडत पेढीवर काहीसे निवांत असतात. अशाच दिवसांत एका अडत्यांच्या घरी सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजाची तीन रात्रींची सफर ठरली. सहा माणसांची तिकिटे निघाली, जैन भोजनाची नोंद झाली, काकूंनी खाखऱ्यांचे डबे भरले. पुतण्याने मात्र सामानाच्या यादीत नसलेली एक तयारी चालविली होती. जहाजावर कॅसिनो असतो, तेथे ब्लॅकजॅक नावाचा पत्त्यांचा डाव चालतो, आणि तो त्यास खेळावयाचा होता. रोज रात्री तो मोबाइलवर सराव करी.

काकांच्या हे ध्यानी आले. सप्तव्यसनांत पहिले नाव जुगाराचे. त्याचा त्याग त्यांनी तरुणपणीच केला होता. काकू म्हणाल्या, ‘‘त्याला सरळ नाही म्हणा.’’ काका तसे म्हणाले नाहीत. पेढी बंद झाल्यावर त्यांनी पुतण्यास बोलाविले.

‘‘तो डाव मला समजावून दे. पैसा लावायचा नाही. हळकुंडे मोजू.’’

‘‘काका, तुम्ही आणि पत्ते?’’

‘‘ज्या मालाची पारख नाही, त्याला नाही तरी कशाच्या आधारे म्हणू?’’

डाव ऐकावयास सोपा निघाला. दुरी ते दश्शी आपापल्या अंकाची, राजा, राणी व गुलाम प्रत्येकी १०, एक्का १ किंवा ११. बेरीज २१ च्या जितकी जवळ तितके चांगले; २१ ओलांडले की बाद. डीलरचे एक पान उघडे, एक झाकलेले. त्यास स्वतःची बुद्धी चालविण्याची मुभा नाही. १६ पर्यंत पान घ्यावयाचे आणि १७ ला थांबावयाचे, हे बंधन. ‘‘मग याला नफा कोठून होतो?’’ हा काकांचा पहिला प्रश्न. उत्तर दुसऱ्या रात्री त्यांनाच सापडले. खेळणाऱ्याने आधी पाने घ्यावयाची असतात. तो बाद झाला की त्याचा डाव तेथेच बुडतो, मग पुढे डीलर स्वतः बाद झाला तरी ती रक्कम परत येत नाही. सगळा धंदा या क्रमावर उभा होता.

पुतण्याने यामागचे गणितही वाचले होते. अमेरिकी सैन्यातील चार तरुणांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून, कोणत्या बेरजेवर पान मागावे आणि कोणत्या बेरजेवर थांबावे, याचे कोष्टक १९५६ साली प्रसिद्ध केले. पुढे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ साली पुस्तक लिहून, निघून गेलेली पाने लक्षात ठेवल्यास पारडे खेळणाऱ्याकडे झुकविता येते, असे दाखविले. त्यावर कॅसिनोवाल्यांनी एकाऐवजी अनेक जोड एकत्र पिसावयास आरंभ केला आणि पाने मोजणाऱ्यास दार दाखविले. नियम उदार असतील आणि कोष्टक तंतोतंत पाळले, तर दुकानाचा हिस्सा उलाढालीच्या सुमारे अर्ध्या टक्क्यावर येतो. चुकत खेळणाऱ्याकडून तो कितीतरी अधिक निघतो.

कोष्टकातील एक जागा काकांना फार पटली. आपली बेरीज १६ आणि समोर दहाचे पान असेल, तर पान मागितले तरी बहुधा हार आणि न मागितले तरी बहुधा हार. मागितल्यास तोटा किंचित कमी. पडत्या बाजारात माल काढावा, तसेच ते होते. डीलरचा एक्का दिसला की ‘विमा’ देऊ करतात, तो मात्र त्यांनी लगेच बाजूस सारला. एकास दोन मिळतात, म्हणजे तीनांत एकदा तरी दहाचे पान निघाले पाहिजे; ५२ पानांत अशी पाने १६ च.

आठ रात्रींत ४०० डाव झाले. पुतण्याकडील १०० हळकुंडे तिसऱ्या रात्री १३४ झाली होती. आठव्या रात्री ८८ उरली. काकांनी वहीत हिशेब मांडला. प्रत्येक डावास एक हळकुंड, म्हणजे १०० च्या भांडवलावर ४०० ची उलाढाल. घट १२, म्हणजे उलाढालीवर ३ टक्के. त्यांनी वही पुतण्यापुढे सरकविली.

‘‘ही अडतच की रे! शेतकऱ्याला भाव मिळो न मिळो, आपली अडत उलाढालीवर ठरते. यांचेही तसेच. कोण जिंकला, कोण हरला, याची यांना फिकीर नाही. पैसा फिरला पाहिजे.’’

पुतण्या हसला, पण त्या रात्री त्याने मोबाइल उघडला नाही.

सिंगापुरात पोहोचल्यावर एक गोष्ट सर्वांच्या नजरेस आली. तेथे २०१० साली दोन भव्य कॅसिनो सुरू झाले. परदेशी पाहुण्यास प्रवेश विनामूल्य. सिंगापूरच्या नागरिकास मात्र एका दिवसाच्या प्रवेशाचे १५० डॉलर मोजावे लागतात. गोव्यातही मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी आहेत आणि २०२० पासून खुद्द गोवेकरांस तेथे खेळावयास मनाई आहे. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणलाच नाही आणि २०२३ साली रद्द केला. काकू म्हणाल्या, ‘‘जो हलवाई आपल्या पोरांना आपली मिठाई खाऊ देत नाही, त्याच्याकडून पाहुण्याने तरी का घ्यावी?’’

मरीना बे येथील धक्क्यावरून जहाज दुपारी सुटले. मागे उंच इमारतींची रांग, पुढे नांगर टाकून उभी असलेली असंख्य मालवाहू जहाजे; मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा हा मार्ग जगातील अतिशय गजबजलेल्या सागरी मार्गांपैकी एक. वर्षभर तेथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीचे भोजन सर्वांना निवांत घेता आले. बंदर मागे पडेपर्यंत कॅसिनोचे दार बंद होते. काळोख पडल्यावर ते उघडले.

पुतण्याजवळ ५०० डॉलर होते. काका दाराशी थांबले. ‘‘आधी भाव वाच,’’ एवढेच ते म्हणाले. टेबलावरील हिरव्या कापडावर भाव छापलेला होता : पहिल्या दोन पानांतच २१ झाल्यास ५ ला ६. पुतण्याने सराव केला होता तो २ ला ३ या भावाने. दहा डॉलरच्या डावावर १५ ऐवजी १२. असे २१ सुमारे एकवीस डावांत एकदा येते. म्हणजे २१० डॉलरच्या उलाढालीत ३ डॉलर अधिक गेले, जवळजवळ दीड टक्का. अर्ध्या टक्क्याची अडत दोन टक्क्यांवर गेली होती. तासाला साठ डाव धरले, तर सहाशेची उलाढाल आणि बारा डॉलर. तो टेबलापाशी बराच वेळ उभा राहिला. बसलेल्यांपैकी कोणीही ते अक्षर वाचताना दिसले नाही. मग तो बाहेर आला.

दोघे वरच्या डेकवर गेले. वारा होता, दूरवर इतर जहाजांचे दिवे दिसत होते. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, एक सांगायचे आहे. ऑप्शनमध्ये माझे दोन लाख दहा हजार गेले आहेत. मार्चपासून. इथे थोडे भरून काढावे असे मनात होते.’’

काका काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘२००५ च्या महापुरात माल भिजला म्हणून पेढीला कर्ज झाले, असे तुला सांगत आलो. निम्मे कर्ज पुराच्या आधीचे होते. तुझ्या वडिलांनी हळदीच्या वायद्यात केलेले. तेही भरून काढायलाच बसले होते. फेडायला नऊ वर्षे लागली. ते गेल्यावर सांगावेसे वाटले नाही. ते माझे चुकले.’’

‘‘मग वायदा करायचाच नाही का?’’

‘‘गोदामात माल आहे, त्याचा भाव बांधायला वायदा करावा. तो विमा. माल नाही, घ्यायचा नाही, द्यायचा नाही, नुसता आकडा धरायचा, तो हा खालचा डाव.’’

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले होते. पुतण्याने ती बातमी वाचली होती. आपण उरलेल्या सातांत आहोत, असे त्यास तेव्हा वाटले होते.

दुसऱ्या दिवशी पेनांगमध्ये सर्वांनी जॉर्ज टाउनच्या जुन्या पेठा पाहिल्या. एका मसाल्याच्या दुकानात काकांनी हळकुंड मोडून वास घेतला, आणि पुतण्याने भाव विचारून रुपयांत मांडला. ५०० डॉलरांपैकी काही काकूंच्या छत्रीवर आणि मुलांच्या खेळण्यांवर खर्च झाले; बाकीचे परत आले.

सांगलीस आल्यावर पुतण्याने ऑप्शनचे खाते बंद केले. काकांनी ते दोन लाख दहा हजार पेढीतून भरून दिले नाहीत. त्याच्या स्वतःच्या खात्यावर नावे लिहिले आणि दरमहा किती वळते करावयाचे, तो आकडा त्यासच घालावयास सांगितला. त्याने सात हजार लिहिले. तीस महिने.

हळकुंडांच्या हिशेबाची वही गल्ल्याशेजारी अजून आहे. पौषात सौदे सुरू झाले, तेव्हा तिची उरलेली पाने वजने टिपण्यास कामी आली.