भाच्याचा हेडफोन

गेल्या उन्हाळ्यात हैदराबादेस जाण्याचा योग आला. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेथे गच्चीबावलीच्या बाजूस एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून आठ दिवस त्याच्या बिऱ्हाडी राहिलो. पहिल्याच रविवारी त्याने मला गोवळकोंड्याचा किल्ला दाखविला. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली उभे राहून टाळी वाजविली, की ती सुमारे एक किलोमीटरवर, अगदी माथ्यावरच्या बाला हिसारपाशी ऐकू येते. शत्रूची वर्दी वर पोचविण्यासाठी हा उपयोग होत असे, असे वाटाड्याने सांगितले. मी कौतुकाने मान डोलावीत होतो. इतक्यात भाचा म्हणाला, "मामा, येथे टाळी किल्ल्याच्या माथ्यावर पोचते, आणि माझ्या हेडफोनात आजी कानाशी असून ऐकू येत नाही!"

या बोलण्याचा उलगडा मला घरी आल्यावर झाला. माझी आई लग्नाची गाणी फार गोड म्हणत असे. १९८९ साली घरच्या एका लग्नात माझ्या मेहुण्यांनी टेपरेकॉर्डर लावून तिची गाणी एका कॅसेटमध्ये भरून ठेवली होती. आई आता या जगात नाही. भाच्याने ती कॅसेट बहिणीकडून मागून आणली, संगणकात उतरवून घेतली आणि ती मनासारखी ऐकावी म्हणून एक जुना, पण नामांकित हेडफोन विकत घेतला. तो मोबाइलला जोडला, तर आवाज क्षीण आणि निर्जीव! मित्रांनी सल्ला दिला, की याला मोठा ॲम्प्लिफायर हवा आणि उंची डिजिटल कन्व्हर्टरही हवा. दोहोंची किंमत मिळून एक लाख वीस हजार रुपये. ती रक्कम हप्त्यांनी फेडण्याचा बेत ठरलाही होता. इकडे गावी बहिणीच्या घराचे छप्पर गळत होते, आणि पावसाळा महिन्याभरावर आला होता.

"आईला सांगू नका, मामा," तो म्हणाला.

"नाही सांगत," मी म्हटले, "पण आधी मला हे प्रकरण समजू दे."

सेमिनरीत असताना ध्वनिक्षेपकाची देखभाल माझ्याकडे असे. त्या तुटपुंज्या ज्ञानाच्या जोरावर आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वाचकांच्या घरीही अशी कमावती मुले आहेत, म्हणून त्या रात्रीचा हिशेब येथे मांडतो.

साध्या हेडफोनात एका लहान पडद्याला तारेचे वेटोळे चिकटविलेले असते आणि ते लोहचुंबकापुढे थरथरते. भाच्याचा हेडफोन 'प्लॅनर' जातीचा. यात पातळ फिल्मच्या सबंध पृष्ठभागावर धातूची नागमोडी वाट उमटविलेली असते, आणि ती फिल्म चुंबकांच्या रांगांमध्ये ताणलेली असते. वीज वाहू लागली, की सबंध फिल्म एकाच वेळी हलते. ही कल्पना काही कालची नव्हे. यामाहा कंपनीने १९७६ साली असा हेडफोन बाजारात आणला होता. या जातीचा एक गुण असा, की तिचा विद्युत्‌रोध सगळ्या स्वरांना जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे ॲम्प्लिफायर बदलला म्हणून स्वरांचा तोल सहसा बिघडत नाही. दोष असा, की यांतील काही हेडफोन फार खादाड असतात.

ही खादाडी किती, हे हेडफोनच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. भाच्याचा हेडफोन हायफायमॅन कंपनीच्या एचई-६ मालिकेतला. त्याचा रोध ५० ओम आणि संवेदनक्षमता ८३.५ डेसिबल. म्हणजे एक मिलिवॅट शक्ती दिली, तर एवढा आवाज निघतो. त्याच कंपनीचा सुंदरा नावाचा हेडफोन तेवढ्याच शक्तीत ९४ डेसिबल देतो. शक्ती दसपट केली, की आवाज १० डेसिबलने वाढतो, हे सूत्र एकदा ध्यानी धरले म्हणजे पुढचा हिशेब शाळकरी मुलासही जमेल. मोबाइलच्या जोडणीतून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळत होता, म्हणजे या हेडफोनाला पाच मिलिवॅट. त्यातून मोठ्यात मोठा आवाज ९० डेसिबलच्या आसपास. गाण्यातले हळुवार भाग याच्या २० डेसिबल खाली, आणि कॅसेट मुळातच हळू भरलेली. आजी ऐकू येईल कशी?

तेव्हा ॲम्प्लिफायर हवा, हे भाच्याचे म्हणणे खरे ठरले. पण केवढा? अर्धा वॅट शक्ती दिली, तर याच हेडफोनातून ११० डेसिबल निघतात, आणि तेवढा आवाज क्षणभरापलीकडे कोणी ऐकूही नये. अर्धा वॅट म्हणजे ५० ओमवर पाच व्होल्ट आणि एक दशांश अँपिअर. हे काम मध्यम किमतीचे यंत्र सहज करते. त्याने पसंत केलेले यंत्र कित्येक वॅटचे होते! जाहिरातीतला वॅटचा आकडा बहुधा ३२ ओमवरचा असतो, तो आपल्या हेडफोनाच्या ओमवर किती होतो, ते विचारून घ्यावे. 'बॅलन्स्ड' जोडणीचेही तसेच आहे. तिच्यात व्होल्ट दुपटीपर्यंत आणि शक्ती चौपटीपर्यंत वाढू शकते. परंतु शक्ती आधीच पुरेशी असेल, तर त्या वाढीचे प्रयोजन उरत नाही.

राहिला डिजिटल कन्व्हर्टर. संगणकातले आकडे पुन्हा विजेच्या लहरीत बदलण्याचे काम तो करतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत एका सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुन्याला ६५,५३६ पायऱ्या. माणसाच्या कानाला त्याहून फारसे काही लागत नाही, आणि आजचे साधे कन्व्हर्टरही हे काम चोख करतात. भाच्याला ते पटेना. त्याच्या सहकाऱ्याने आपला उंची कन्व्हर्टर आणि एक ॲम्प्लिफायर चार दिवसांसाठी उसना दिला होता. मी म्हटले, "परीक्षाच घेऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही कोठीच्या गुजराती गल्लीत गेलो. विजेच्या आणि आवाजाच्या सामानाची दुकाने तेथे खेटून उभी आहेत. तेथे एक मल्टिमीटर घेतला. शेजारीच एक वृद्ध कारागीर भेटले. त्यांचे घराणे मूळचे नांदेडकडचे, म्हणजे १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यातलेच, त्यामुळे मराठी अस्खलित. भाच्याने ज्या टेपरेकॉर्डरवरून कॅसेट उतरविली होती, तो आम्ही बरोबर नेला होता. त्यांनी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून त्याचे हेड पुसले. बोळा तपकिरी झाला. मग एक बारीक स्क्रू किंचित फिरवून हेड फितीच्या दिशेशी काटकोनात आणले. मजुरी घेतली दीडशे रुपये.

घरी येऊन कॅसेट नव्याने उतरविली, आणि उसन्या ॲम्प्लिफायरवर ऐकली. आई समोर बसून गात आहे असे वाटले. फितीची खरखर होतीच, उलट ती अधिक स्पष्ट झाली. पण एका कडव्यापाशी आई अडखळते आणि शेजारच्या जावेला दबल्या आवाजात विचारते, "पुढं काय गं?" हे पूर्वी कोणालाच ऐकू आले नव्हते. भाचा चटकन उठून खिडकीपाशी गेला. मीही काही बोललो नाही.

रात्री परीक्षा झाली. आवाज किंचितही मोठा असला, तर तोच कानाला बरा वाटतो. म्हणून दोन्ही कन्व्हर्टरांचे व्होल्ट मीटरने मोजून सारखे केले. ॲम्प्लिफायर तोच ठेवला. मी पाठीमागे बसून नाणे उडवीत होतो आणि त्याप्रमाणे कधी उंची, कधी साधा कन्व्हर्टर लावीत होतो. सोळा वेळांपैकी नऊ वेळा त्याने बरोबर ओळखले. बारा-तेरा वेळा ओळखले असते, तर मी हार मानली असती. नऊ म्हणजे नुसता अंदाज. तो हसला आणि म्हणाला, "मामा, माझे साठ हजार वाचले."

शेवटी त्याने दोन्ही कामे एकाच डब्यात करणारे एक यंत्र अठरा हजारांच्या आत घेतले. हेडफोनाच्या ५० ओमवर अर्ध्या वॅटहून अधिक शक्ती मिळते, एवढे पाहून. माझी एकच अट होती. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे, की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकता येतो, पण ९० डेसिबलचा केवळ चार तास. शक्ती हाती आली, म्हणजे खुंटी फिरविण्याचा मोह होतोच. गेलेले ऐकणे परत मिळत नाही. त्याने तसे कबूल केले.

मी परतल्यावर थोड्याच दिवसांत बहिणीचा फोन आला. छपरासाठी मुलाने पैसे पाठविले होते, मृगापूर्वी काम उरकणार होते. "आणि दादा," ती म्हणाली, "त्याने आईची गाणीही पाठविली आहेत. त्यात ती मध्येच थांबून काहीतरी विचारते, ते तू ऐकलेस का?"

ऐकले, असे मी तिला सांगितले.