जोहार गेला, रीत कुठली आली?

"हल्लीच्या पोरांना रीत राहिली नाही" हे वाक्य मी बारामतीच्या एस.टी. स्टँडपासून इंदापूरच्या स्टँडपर्यंत ऐकत असतो. गाडीत ऐकतो, भवानीनगरला चहा पिताना ऐकतो, निमगाव केतकीच्या बाजारात ऐकतो. पोरं म्हाताऱ्याला जागा देत नाहीत. फोनात तोंड घालून बसतात. रामराम नाही, नमस्कार नाही. थोरलं माणूस आलं तरी खाटेवरून उठत नाहीत. आणि बोलायला गेलं तर उलट बोलतात.

मी ऐकून घेतो. पण दोस्तांनो, माझ्या कानाला एक सवय लागलीय. वाक्य काय आहे त्याआधी ते कोण बोलतंय ते मी बघतो. कारण हेच वाक्य दोन ठिकाणांहून येतं. एक गावातून आणि एक आपल्या वस्तीतून. शब्द तेच, दुखणं वेगळं. ही दोन दुखणी आपण एकात मिसळतो आणि तिथंच आपला घोटाळा होतो. गावापुढं ताठ उभं राहायला शिकलो, ते बरोबरच झालं. पण तोच ताठा घेऊन आपण घरात शिरतो, तेव्हा समोर आपलीच आय असती.

आधी गावाचं दुखणं घेऊ.

गावाला कुठली रीत गेल्याचं वाईट वाटतंय? माझा आजा आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. त्याच्या बापाकडं येसकरकीची पाळी यायची. हातात घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडं आणि दारोदार भाकरी मागत हिंडायचं. आजा सांगतो, "मालकाचं शेंबडं पोरगं माझ्या बापाला अरं म्हनायचं, आन् बाप त्या पोराला सरकार म्हनायचा. पोरगं पाच वर्साचं, बाप पन्नाशीचा." ही रीत! जोहार आपण घालायचा. घेणाऱ्यानं उलट जोहार घालायचा नाही. मनात आलं तर मान हलवायची, नाही आलं तर तेवढंही नाही. नावसुद्धा कुणी अख्खं घ्यायचं नाही. धोंडिबाचा धोंड्या करायचा, रायनाकाचा रायन्या. कोरेगाव भीमाच्या खांबावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात 'नाक' लागलेली नावं अख्खी वाचायला मिळतात. दगडानं नाव सांभाळलं, गावाच्या तोंडाला ते जमलं नाही.

आपल्याकडून नीरा ओलांडली की फलटण. तिथल्या बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमचं' 1986 साली पुस्तक म्हणून आलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी ते वाचा, मग भाषणं करा. समोरून वरच्या जातीचा माणूस आला की आमच्या बायांनी रस्ता सोडायचा, कडेला व्हायचं, पदर ओढून वाकायचं. एखादी पोरसवदा नवी सून वाकायची राहिली, की सगळ्या महारवाड्याला धारेवर धरायचं. बेबीताईंनी हे सगळं लिहून ठेवलंय. ही रीत बुडाली म्हणून ज्याला रडू येतं त्याला खुशाल येऊ द्या.

आणि ती आपोआप बुडाली नाही. मोबाईलनं बुडवली नाही, सिनेमानंही नाही. माणसांनी ती मोडली. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं, जातीची खूण दाखवणारं नेसणं सोडा, ते दागिने सोडा. 1928 साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महारवतनाचं बिल मांडलं. कामठीच्या बाबू हरदासांनी तीसच्या दशकात 'जयभीम' ही हाक रूढ केली असं मानतात. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा झाली. 1958 च्या कायद्यानं वतन गेलं. आज्याच्या बापानं ती घुंगराची काठी चुलीत घातली, असं आमच्या घरात सांगतात. तेव्हापासून आमचं घर गावाच्या लेखी उर्मट झालं.

ह्या उर्मटपणाची किंमत अजून चुकती होतीय. 2015 साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका तरुण पोराचा जीव घेतला. फोन वाजला, एवढाच त्याचा गुन्हा. म्हणून गावातला कुणी "रीत राहिली नाही" म्हणाला, की मी विचारतो, कुठली रीत? नाव सांगा तिचं.

आता माझ्या कामाची गोष्ट. मी गिरणीत रिंगफ्रेमवर आहे. तुटलेला धागा जोडायचा, पुन्हा तुटला की पुन्हा जोडायचा. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. आपलं उष्टं दुसऱ्याच्या तोंडाला लागेल म्हणून बंदी. आणि पगार जास्त होता तो त्याच खात्यात! 1928-29 च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. मजुरांची एकी म्हणता, मग हे खातं आमच्या माणसांना का बंद?

आता धागा तोंडानं ओढावा लागत नाही. जात कुणी तोंडानं विचारत नाही. पूर्ण नाव विचारतात. नवा साहेब पहिल्या दिवशी म्हणतो, "तुम्ही कुठले? पूर्ण नाव काय तुमचं?" मी आडनाव सांगतो. पुढच्याच वाक्याला 'तुम्ही'चा 'तू' झालेला असतो. शेजारच्या फ्रेमवरचा माझ्याच वयाचा, माझ्याच पगाराचा माणूस मात्र 'तुम्ही'च राहतो. 2020 च्या डिसेंबरात सरकारनं ठरवलं, वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची. चांगलं केलं. पाटी बदलायला रंगाचा एक डबा पुरतो. तोंड बदलायला काय लागतं, ते सरकारला ठरवता येत नाही.

तर रीत म्हणजे काय? नुसतं 'तू' आणि 'तुम्ही' म्हणजे रीत नव्हे. आयला मी 'अगं' म्हणतो, त्यात माया आहे. दोस्ताला 'आरं' म्हणतो, तोही मला 'आरं' म्हणतो. त्यात कुणाचा अपमान नाही. माझी कसोटी साधी आहे. मी ज्या शब्दानं हाक मारली, त्याच शब्दानं समोरचा मला ओ देऊ शकतो का? देऊ शकत असेल तर ती रीत. देऊ शकत नसेल तर ती गुलामी, मग ती कितीही गोड आवाजात असू द्या. जोहाराला उलट जोहार नव्हता. जयभीमला उलट जयभीम आहे. घालणारा आणि घेणारा दोघांच्या तोंडी एकच शब्द. ह्यात कोण वरचा, कोण खालचा, ओळखून दाखवा! आणि गाव म्हणतं, पोरं उलट बोलतात. बोलणारच. उलट बोलायचा हक्क मिळवायलाच तर सगळा झगडा झाला.

दरसाल आपल्याच रस्त्यानं तुकोबांची पालखी जाते. बारामती, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव, इंदापूर. वारकरी वय न बघता एकमेकांच्या पाया पडतात. म्हातारा पोराच्या पडतो, पोरगा म्हाताऱ्याच्या. उलट ओ देण्याची ही रीत गावाला ठाऊक आहे, हे मी कबूल करतो. पण पालखी सराटीहून पुढं गेली, की गाव पुन्हा गावासारखं वागतं.

गावाचं झालं. आता वस्तीचं दुखणं. इथं आपल्याला टोचणार आहे, पण टोचू द्या.

दिवाळीच्या आसपास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडून येतात, अहिल्यानगरकडून येतात. मोजताना कुणी माणसं मोजत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. "किती कोयते आणले?" असं विचारतात. आपल्या वस्तीतलं पोरगं ट्रॅक्टरवर ड्रायव्हर असतं. पुढं निळा झेंडा, काचेवर बाबासाहेब. आणि ते पोरगं बापाच्या वयाच्या तोडकऱ्याला हाक मारतं, "ए कोयता, आवर की!" आता कसोटी लावा. तो तोडकरी त्याला उलट "ए ड्रायव्हर" म्हणू शकतो का? गिरणीत उत्तरेकडच्या मजुराला आपण 'ए भैय्या' म्हणतो. शेजारच्या मातंग वस्तीतल्या म्हाताऱ्याला हाक कशी मारतो? ज्याचं त्यानं आठवावं.

घरात या. जयंतीच्या पत्रिकेत आपण प्रत्येक नावामागं 'आयु.' छापतो. माईकवर पोरं, चुलीपाशी बाया. पुरुषांची नावं मोठ्या टायपात आणि तळाला एक ओळ, 'समस्त महिला मंडळ'. त्या मंडळातल्या बायांना नावं नाहीत का? पत्रिकेत 'आयुष्मती' आणि घरात "ए, पाणी आण." बेबीताईंनी गावाची रीत लिहिली, तशी आपल्या घरातली मारझोडही लिहिली. आणि हे लिखाण त्यांना कैक वर्षं घरातल्या पुरुषांपासून लपवून ठेवावं लागलं. घर चळवळीचं, तरी लपवावं लागलं. ही गोष्ट कुठल्याच मालकाच्या माथी मारता येत नाही.

आणि वाकणं तरी कुठं संपलंय? पुढारी गाडीतून उतरला, की आपलीच पोरं त्याच्या पायाशी जातात. पक्ष कुठलाही असो. पुढारी उलट पाया पडत नाही, म्हणजे हा नवा जोहारच झाला. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं, राजकारणातली भक्ती अधोगतीकडं नेते, हुकूमशाहीकडं नेते. आपण त्या भाषणाचे फोटो स्टेटसला ठेवतो आणि वाकतो.

आमच्या वस्तीत एक आत्या आहे. माझी सख्खी नव्हे, सगळ्यांचीच आत्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात ती तुरुंगात जाऊन आली. ते नामांतर 14 जानेवारी 1994 ला झालं. गेल्या वर्षी इंदापुरात एका सभेत एक तरुण वक्ता नामांतरावर तासभर तावातावानं बोलला. आत्या मागं, चपलांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसलेली. पुढं चार खुर्च्या रिकाम्या. सभा सुटल्यावर वक्ता तिच्या अंगावरून गेला. चपला शोधताना म्हणाला, "ए म्हातारे, सरक जरा." ती सरकली. घरी येताना गाडीत मला म्हणाली, "पाया पडू नका रं माझ्या. मला त्ये नगंच. पर जयभीम तर घालाल? आन् जेवलीस का म्हनून इचाराल का न्हाई?"

हे वस्तीचं दुखणं. आत्याला कुणी वाकायला नकोय. गावाला आपण वाकायला हवे होतो, तिला ओळख हवी आहे. दोघांचं वाक्य एकच असलं, तरी गावाला दिलेलं उत्तर आत्याला देता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. जोहार मोडायचं काम आपल्या आज्या-पणज्यांनी केलं. त्याच्या जागी रीत घालायचं काम त्यांनी जयभीमनं सुरू केलं, आपण ते अर्ध्यात टाकलं. जयभीम आधी लहानानंच घालावा, असं कुठं लिहिलेलं नाही. थोरल्यानं घालावा, नवऱ्यानं बायकोला घालावा, कार्यकर्त्यानं तोडकऱ्याला नाव विचारून रामराम घालावा. पत्रिकेत बायांची नावं यावीत. सभेतल्या पुढच्या खुर्च्या ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्यासाठी ठेवाव्यात. ह्याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही.

14 एप्रिलच्या तयारीच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. काही जण म्हणतील, अत्याचार होत असताना हा चपला-खुर्च्यांचा विषय कशाला काढतोस. त्यांनी लिहावं, ह्याच पानांवर लिहावं. उलट उत्तराची वाट बघतो.

जयभीम.