संप कामगारांनी पुकारायचा असतो

टिप द्यायला माझा तत्त्वाने विरोध होता, आणि ते तत्त्व मला घरातूनच मिळालं होतं. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मालक खुशीने देतो ती बक्षिसी आणि खुशी संपली की ती बंद, हे त्यांनी आम्हा भावंडांना लहानपणीच पक्कं सांगून ठेवलं होतं. त्यांच्या तोंडी उदाहरण असायचं ते बोनसचं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईच्या गिरणीमालकांनी काही वर्षं बोनस दिला आणि मग हात आखडता घेतला. त्यावरून 1924 च्या सुरुवातीला मोठा संप झाला. चौकशी समिती बसली आणि तिने सांगितलं की बोनसवर कामगारांचा हक्क पोचत नाही. 1950 साली बोनसपायीच पुन्हा दोन महिने गिरण्या बंद होत्या. बोनसचा कायदा झाला तो 1965 साली. दिवाळीला घरी येणाऱ्या त्या पैशाला कुणी बक्षिसी म्हटलं, तर वडिलांना ते सहन व्हायचं नाही.

मी पुढे बँकेत लागले आणि नोकरीभर युनियनचं काम केलं. पगारवाढ करारातून येते, साहेबाच्या मर्जीतून नाही, हे सांगण्यात माझी हयात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर परदेशी जायला लागल्यावर टिप हा प्रकार मला बघवायचा नाही. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईने किंवा बाप्याने गिऱ्हाइकाचा चेहरा बघत हसायचं, आणि त्या हसण्यावर घरचं भाडं ठरायचं. हे मला अपमानाचं वाटायचं. आजही वाटतं. ज्याने कामाला ठेवलं त्याने पगार द्यावा, मी पदार्थाची छापलेली किंमत देईन, असा माझा सरळ हिशेब होता.

मुलगी टेक्सासमध्ये डॅलसला असते. तिथे हॉटेलात जेवण झालं की काळ्या फोल्डरमधून बिल येतं. आपण कार्ड ठेवायचं, वेटर ते घेऊन जातो आणि दोन पावत्या आणून देतो. एक आपली, एक त्यांची. त्यांच्या पावतीवर बिलाच्या रकमेखाली एक मोकळी ओळ असते टिपची, तिच्याखाली एकूण रकमेची, आणि सर्वांत खाली सही. त्या मोकळ्या ओळीवर मी आडवी रेघ मारायचे. लेक म्हणायची, "आई, असं नको गं करूस. हे इथे फार वाईट दिसतं." मी तिला तिथल्या तिथे माझं म्हणणं ऐकवायचे, आणि ती निघताना मागे राहून टेबलावर नोटा ठेवून यायची.

माझं म्हणणं वाचनावर उभं होतं. अमेरिकेत टिप रुजली ती यादवी युद्धानंतर, गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांच्या कष्टांवर. जॉर्ज पुलमनच्या रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांमध्ये पोर्टर म्हणून हीच माणसं ठेवली जात. पगार नावाला, बाकी प्रवाशांनी दिलं तर. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, म्हणजे मालकाचंच नाव. या पोर्टरांनी 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन बांधली आणि 1937 साली कंपनीला करारावर सही करायला लावली. हा इतिहास ज्याला माहीत आहे त्याने टिप देऊन ती पद्धत जगवू नये, असं मी म्हणायचे. शिवाय कायदा आहेच. टिप आणि पगार मिळून तासाला 7 डॉलर 25 सेंट होत नसतील, तर उरलेले पैसे मालकाने भरायचे असतात. म्हणजे मी टिप दिली नाही तर भुर्दंड मालकाला बसेल आणि कधीतरी तो पूर्ण पगार द्यायला लागेल, असं मी गृहीत धरलं होतं.

हे मत बदललं ते लेकीच्या शेजारणीमुळे. चाळिशीची बाई, दोन मुलांची आई, एका रेस्टॉरंटात टेबलं सांभाळते. चहाला यायची. मी माझ्या सवयीने तिला पगाराचं विचारलं आणि तिने एक दिवस आपली पगाराची स्लिप आणून माझ्यापुढे ठेवली. युनियनच्या कामात मी पुष्कळ पगारपत्रकं पाहिली आहेत, पण असं पाहिलं नव्हतं. तासाचा दर 2 डॉलर 13 सेंट. टेक्सासमध्ये टिप घेणाऱ्यांना मालकाने द्यायचा किमान दर तोच आहे, आणि केंद्राच्या कायद्यातला हा आकडा 1991 पासून हललेला नाही. दोन आठवड्यांचे तास, त्याचे पैसे, आणि त्यातून कापलेला कर. कर नुसत्या या पगारावर नाही, टिपेवरही. टिपेचे पैसे आधीच हातात पडलेले, म्हणून त्यांचाही कर याच पगारातून वळता केलेला. निव्वळ रकमेच्या रकान्यात काही डॉलर उरले होते. मालकाकडून तिला मिळायचं ते एवढंच. बाकीचं घर टेबलांवर चालायचं.

मी तिला कायद्याचं विचारलं. ती म्हणाली, तो हिशेब टेबलागणिक होत नाही, अख्ख्या आठवड्याचा होतो. शुक्रवार-शनिवारी बरे पैसे मिळाले की आठवड्याची सरासरी किमान वेतनाच्या वर जाते. मंगळवारी दुपारी एखाद्या कुटुंबाने दोन तास बसून काही दिलं नाही, तर ते नुकसान मालकापर्यंत पोचतच नाही. ते तिचंच.

पुढची गोष्ट मला ठाऊकच नव्हती. तिच्या टिपेतले पैसे ती एकटी घेत नाही. टेबलं पुसणारा मुलगा, पेयं बनवणारा, दारात उभी राहून जागा दाखवणारी मुलगी, या सगळ्यांना त्यातून वाटा जातो. हा वाटा बऱ्याच ठिकाणी मिळालेल्या टिपेवर धरत नाहीत, तिने किती रुपयांची, म्हणजे डॉलरची, विक्री केली त्यावर धरतात. तिच्याकडे विक्रीच्या 4 टक्के. समजा आमचं बिल 80 डॉलर झालं आणि मी रेघ मारली, तर तिला माझ्याकडून काही मिळालं नाहीच, वर तीन-सव्वातीन डॉलर दुसऱ्या टेबलांच्या पैशांतून बाकीच्यांना द्यावे लागले. मला जेवण वाढायचे तिने पदरचे पैसे मोजले.

त्या संध्याकाळी मला वडिलांचं एक वाक्य आठवत राहिलं. संप कामगारांनी पुकारायचा असतो. बाहेरच्याने त्यांच्या नावाने पुकारलेला संप म्हणजे त्यांच्याच पोटाला चिमटा. संपाआधी सभा होते, हात वर होतात, शिल्लक किती दिवस पुरेल याचा अंदाज घेतला जातो, वाण्याला उधारीचं विचारून ठेवलं जातं. पुलमनच्या पोर्टरांनी लढा दिला तो स्वतः ठरवून, बारा वर्षं. मी डॅलसच्या एका टेबलावर बसून, त्या बाईला न विचारता, तिच्या वतीने बहिष्कार जाहीर करत होते आणि त्याची झळ फक्त तिला लागत होती. मालकाचे 80 डॉलर त्याच्या गल्ल्यात सुखरूप होते. ज्या तत्त्वासाठी मी रेघ मारत होते, त्या तत्त्वानेच ही रेघ चुकीची ठरते, हे मला तेव्हा पटलं.

टिपेची पद्धत मला आजही नामंजूर आहे. ती बदलणं सोपं नाही, हेही तिथल्या इतिहासात आहे. वॉशिंग्टन राज्याने 1909 साली टिप देण्या-घेण्यावर कायद्याने बंदी घातली. आणखी काही राज्यांनी तसेच कायदे केले. 1926 पर्यंत ते सगळे रद्द झाले होते. अलीकडे, 2015 साली, न्यूयॉर्कमधले नावाजलेले हॉटेलमालक डॅनी मेयर यांनी आपल्या रेस्टॉरंटांत टिप बंद करून पदार्थांच्या किमती वाढवल्या. 2020 साली त्यांना टिप परत आणावी लागली. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या सात राज्यांत मालकाला टिपेआड लपता येत नाही, पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. बदल झाला आहे तो असा, कायद्याने. गिऱ्हाइकाच्या रेघेने झालेला मला एकही आढळला नाही.

घासाघिशीबद्दल मला लोक विचारतात, की आता तिथेही मागतील तेवढे देतेस का? नाही देत. सुकावती हे बालीतलं कपड्यांच्या आणि कलाकुसरीच्या वस्तूंच्या मोठ्या बाजारपेठेचं गाव. तिथे सारोंगचे दीड लाख रुपिया सांगितले तर मी पन्नास हजारांपासून सुरुवात करते, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. तिथे भाव सांगणारीलाही ठाऊक असतं की मी मागणार. आकडा परवडला नाही तर ती मान हलवून मला जाऊ देते. नाही म्हणायचा अधिकार तिच्या हातात आहे, माझ्याही हातात आहे, आणि व्यवहार अजून व्हायचा आहे. वेटरचं तसं नसतं. तिचं काम करून झालेलं असतं, ताटं उचलून झालेली असतात आणि मग मी ठरवणार किती द्यायचं. मला हा फरक फार मोठा वाटतो. घासाघीस दोघांत होते. टिपेच्या वेळी बोलणारी मी एकटीच असते.

म्हणून घासाघिशीतही, जिथे समोरच्याच्या हातातून नाही म्हणणं निसटतं, तिथे मी थांबायला शिकले. सुकावतीत सकाळी पहिलं गिऱ्हाईक झालं की बाई त्या नोटा हातात घेऊन दुकानातल्या मालावरून टेकवत फिरते. आपल्याकडे भवानी झाल्यावर नोट कपाळाला लावतात तसंच. पहिलं गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून ती भाव खूप खाली आणते. हे कळल्यावर आमच्या सहलीतली काही मंडळी मुद्दाम उजाडताच जाऊन, तिची ती श्रद्धा धरून, भाव आणखी पाडून घेत. मी ते करत नाही. सकाळचा भाव ती आपणहून देते, तेवढ्यावर मी घेते. आणि एकदा आपण आकडा बोललो आणि तिने 'घ्या' म्हटलं की ती वस्तू आपली झाली. मग 'बघते, येते' म्हणून पुढे सरकायचं नाही. शेवटी दहा हजार रुपियांवर अडलं तर मी सोडून देते. ते आपले पन्नास-पंचावन्न रुपये होतात.

सहलीच्या बसमध्ये संध्याकाळी कुणी काय केवढ्याला घेतलं याचा जो पंचनामा चालतो, त्यात मी आता बोलत नाही. तिथे स्वस्त घेणाऱ्याचं कौतुक होतं आणि जास्त देणारीला 'फसलीस' म्हणतात. मग दुसऱ्या दिवशी तीच बाई, जिला दुकानात कालपर्यंत दोन शब्द गोड बोलावंसं वाटत होतं, ती एखाद्या म्हातारीकडून लाकडी चमचा निम्म्याच्या निम्म्याला ओढून आणते. हे मी पाहिलेलं आहे, आणि मला ते आवडलं नाही.

आता सगळीकडेच खिसा मोकळा करायचा असंही नाही. जपानमध्ये टिप देत नाहीत. टेबलावर नाणी राहिली तर विसरलात म्हणून वेटर मागे धावत येतो. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे पदार्थाच्या किमतीत धरलेले असतात आणि स्वित्झर्लंडमध्ये हा बदल 1974 सालीच झाला. तिथे वरची चिल्लर ठेवली तर पुरे. लंडनमध्ये बिलात बहुधा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, आणि तो सगळा कामगारांपर्यंत पोचलाच पाहिजे असा कायदा ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. अमेरिकेतसुद्धा काउंटरवर कॉफी घेताना पडद्यावर टिपेचे आकडे झळकतात. तिथे बहुधा पगार पूर्ण असतो, म्हणून मी देत नाही, आणि त्याचा मला संकोच वाटत नाही. प्रत्येक देशात मी एवढंच आधी विचारते, की वाढणाऱ्याचा पगार कोण देतं.

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना माझं सांगणं आहे. बिलाच्या वर हे कशाला, असं म्हणून मुलांना टेबलावर अडवू नका. टेबलावर येऊन कुणी वाढणार असेल तर मेन्यूतल्या किमतीत 18 ते 20 टक्के आधीच मिळवून बघा, आणि वरून विक्रीकर. डॅलसमध्ये तो 8.25 टक्के आहे. ही सगळी रक्कम परवडत नसेल तर त्या दिवशी घरी पिठलं-भात करा, किंवा काउंटरवरून घ्यायच्या ठिकाणी जा. टिप शक्यतो रोख द्या. सहाजणांपेक्षा जास्त असाल तर बिल नीट वाचा. मोठ्या टेबलांना बरेचदा ग्रॅच्युइटी आधीच लावलेली असते, आणि ती लावली असेल तर पुन्हा द्यायची गरज नाही.