सह्याद्रीचा प्रवास

पुण्याहून मुंबईस जातांना आगगाडी बोरघाटांत शिरली म्हणजे मुलें खिडकीशीं गर्दी करितात, आणि वडील माणसें त्यांस दऱ्या, सुळके व पावसाळ्यांत धबधबे दाखवीत असतात. सन १८६३ मध्यें या घाटांतून गाडी धावूं लागल्यापासून असंख्य प्रवाशांनीं ही शोभा डोळे भरून पाहिली आहे. परंतु जे काळे कडे फोडून हा मार्ग काढिला, त्या कड्यांनींही एक प्रवास केला असून तो आपल्या प्रवासाहून कितीतरी लांबचा आहे, ही गोष्ट फारच थोड्यांच्या मनांत येते. संस्कृतांत पर्वतास ‘अचल’ म्हणतात. सह्याद्रीच्या बाबतींत तें नांव कितपत खरें, हें त्याच्याच दगडांच्या साक्षीनें पाहूं.

घाटांतून डोंगराच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या लाव्हारसाच्या थरांच्या होत. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमि दुभंगून हा रस वारंवार बाहेर पडला, आणि थरावर थर सांचून दख्खनचें पठार बनलें. त्या रसांत लोहयुक्त खनिजांचे सूक्ष्म कण असतात. त्यांपैकीं मॅग्नेटाइट हें मुख्य. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेलें असतां त्यांत चुंबकत्व टिकत नाहीं. तें निवूं लागलें म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची त्या वेळची व त्या स्थळची दिशा धारण करितें, आणि ती दिशा खडकांत बंदिस्त होऊन राहते.

आतां या दिशेवरून स्थळ कसें ओळखावें? चुंबकसूची सर्व बाजूंस मोकळी फिरेल अशी टांगिली, तर विषुववृत्ताजवळ ती आडवी राहते. उत्तरेस जावें तसतसें तिचें उत्तर टोंक खालीं झुकतें, आणि दक्षिण गोलार्धांत तेंच टोंक वर उचललें जातें. गणिताचा नियम असा कीं, या कलाची स्पर्शज्या अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. चुंबकध्रुव भूध्रुवाभोंवतीं थोडेबहुत भटकत असतात, म्हणून एकाच थरावर विसंबून चालत नाहीं. अनेक थरांची सरासरी घ्यावी लागते.

आपल्या घरांतील पाटावरवंटा बहुधा याच काळ्या दगडाचा असतो, आणि त्यांतही चुंबकत्व असतें. परंतु त्याची साक्ष निरुपयोगी होय. कारण तो खाणींत कोणत्या बाजूनें बसला होता हें कोणीं टिपून ठेविलें नाहीं. म्हणून संशोधक दगडाची लहानशी नळकांडी कोरून काढतांना, ती सुटण्यापूर्वींच होकायंत्रानें किंवा सूर्याच्या स्थानावरून तिची दिशा व तिरपेपणा नोंदवून ठेवितात. पुढें प्रयोगशाळेंत तापवून, मागाहून चिकटलेलें कच्चें चुंबकत्व काढून टाकितात, आणि मूळचें तेवढें मोजतात.

सन १९५१ च्या सुमारास केंब्रिज येथील टेड आयर्व्हिंग या विद्यार्थ्यानें दख्खनचे दगड मिळवून त्यांवर हा प्रयोग केला, आणि हिंदुस्थान दक्षिणेकडून सरकत आला आहे असें त्यास आढळलें. त्या काळीं खंडें सरकतात हें म्हणणें बहुतेक विद्वानांस हास्यास्पद वाटे. आयर्व्हिंगचा प्रबंध १९५४ मध्यें नापास झाला! परंतु १९५६ मध्यें लंडनच्या क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं, आणि १९५९ मध्यें डॉइच यांच्यासह मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील राधाकृष्णमूर्ति व सहस्रबुद्धे यांनीं दख्खनच्या थरांचीं मापें प्रसिद्ध केलीं, आणि त्यांचा कौल तोच पडला.

तो कौल असा. खंडाळ्याच्या आजच्या अक्षांशास वरील नियमानें सूचीचें उत्तर टोंक सुमारें ३४ अंश खालीं झुकावें. महाबळेश्वरच्या माथ्यावरील थरांत मात्र तें वर उचललेलें असून वायव्येकडे वळलेलें आहे. त्याखालच्या थरांत दिशा नेमकी उलट आहे. कारण ते निवाले तेव्हां पृथ्वीच्या चुंबकध्रुवांचीच अदलाबदल झालेली होती. दोहोंचा अर्थ एकच: हे खडक जन्मले तेव्हां ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें ३० अंशांवर होती. तेथून येथवर पांच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तिनें तोडिलें, आणि वाटेंत ती किंचित् डावीकडे वळलीही.

येथें चतुर वाचक विचारील कीं, भूमि न सरकतां ध्रुवच सरकला नसेल कशावरून? शंका रास्त आहे. ध्रुवच सरकला असता, तर सर्व खंडांच्या खडकांनीं त्याचा एकच मार्ग दाखविला असता. पण प्रत्येक खंड निराळाच मार्ग दाखवितो. हिंदुस्थान, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हीं खंडें नकाशावर एकमेकांस जुळवून ठेविलीं, तर मात्र त्यांचे प्राचीन मार्ग एकावर एक येतात. गोंड लोकांच्या प्रदेशावरून जिला गोंडवनभूमि हें नांव पडलें, त्या महाखंडाची मांडणी अशी सिद्ध झाली. बिहार-झारखंडाकडील राजमहालचे लाव्हाखडक दख्खनच्या खडकांहून सुमारें पांच कोटि वर्षांनीं जुने, आणि त्यांची साक्ष आपणांस दक्षिणेस आणखी पुढें नेते. जोधपुरचा मेहरानगड किल्ला ज्यांवर उभा आहे ते मलाणी खडक सुमारें ७५ कोटि वर्षांचे. त्यांच्या आधारें गोंडवनभूमीच्याही पूर्वींच्या रोडिनिया नामक महाखंडांत आपली जागा कोठें होती, याचा शोध अद्यापि चालूं आहे.

हें काम अद्यापि चालूं राहण्याचें कारण दगडाच्या साक्षीच्या मर्यादेंतच आहे. दगड अक्षांश सांगतो, रेखांश सांगत नाहीं. भूमि किती दक्षिणेस होती हें कळतें, पण पूर्वेस कीं पश्चिमेस हें त्यास विचारतां येत नाहीं. तेवढ्यासाठीं सागरतळावरील चुंबकपट्टे, किनाऱ्यांचे आकार, जुन्या वनस्पतींचे अवशेष व हिमनद्यांच्या खुणा यांची जोड घ्यावी लागते. आणि रोडिनियाच्या काळचा सागरतळ तर केव्हांच नाहींसा झाला आहे. तेव्हां पुढच्या खेपेस घाट चढतांना मुलांनीं डोंगराचें वय विचारल्यास त्यांस तें अवश्य सांगावें, आणि त्याचें मूळ गांव सांगावयासही विसरूं नये.